सहावीची सरासरी ५४ वरून ४६ वर आली. आता काय करावं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या सीमेवरच्या सात छोट्या शाळांनी मिळून सहावीच्या गणिताची एकच प्रश्नपत्रिका काढली. मुलं एकूण १४०. गेल्या वर्षी सरासरी ५४ होती, यंदा ४६ आली. एका शाळेत सहावीला फक्त १३ मुलं आहेत, तिची सरासरी ६१ वरून ४८ झाली. पालक-शिक्षक संघाच्या एका सभासदाने विचारलंय की शिक्षक बदलून मागावा, जादा तास लावावेत, की पुढच्या बैठकीत सातही शाळांचा क्रम लावून सगळ्यांसमोर ठेवावा?

मी ३१ वर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवलं. त्यातली बरीच वर्षं सत्तरीत गेली, शेवटची फोंड्यात. निवृत्तीनंतरही आजूबाजूच्या शाळांतले पेपर बघायला बोलावतात आणि मी आनंदाने जाते. त्यामुळे हा प्रश्न वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तुम्ही तीन उपाय विचारलेत, पण नेमकं काय बिघडलंय ते अजून कोणी पाहिलेलं दिसत नाही. ४६ या आकड्यावरून मुलांना काय येत नाही ते कळत नाही. एकाला शून्यातून वजाबाकी करता येत नाही, दुसरीला प्रश्नातली इंग्रजी कळली नाही, तिसरा परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणला होता. तिघांचेही गुण सारखेच कापले जातात आणि सरासरीत सगळं एकत्र कालवलं जातं. जादा तास लावले तर त्या तासांत शिकवायचं काय, हे त्या ४६ मधून निघणार नाही.

आधी आकड्यांबद्दल, कारण त्यावरूनच शिक्षकांवर बोट ठेवलं जातंय. १३ मुलांची सरासरी फार हलकी असते, जराशा वाऱ्याने हलते. समजा १२ मुलांची सरासरी ५२ आली आणि तेरावं मूल गैरहजर होतं, पण तक्त्यात त्याच्यापुढे शून्य लिहिलं गेलं. लगेच वर्गाची सरासरी ४८ होते. कोणाचंच गणित बिघडलेलं नाही, तरी चार गुण गेले. असा शून्य तुमच्या तक्त्यात नाही ना, हे आजच बघून घ्या. मी स्वतः असे दोन तक्ते पाहिलेत.

शून्य नसला तरी दरवर्षीची मुलं वेगळी असतात. मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप, २० च्या आसपास धरलं, तर १३ मुलांची सरासरी नुसत्या योगायोगाने पाच-सहा गुण इकडे तिकडे होते. दोन वर्षांची तुलना केली की हा चढउतार आठाच्या घरात जातो. म्हणून त्या शाळेच्या १३ गुणांच्या घसरणीची दखल जरूर घ्या, पण एवढ्यावरून शिक्षकाला दोषी ठरवू नका. १४० मुलांचं चित्र वेगळं आहे. तिथे हाच चढउतार अडीच गुणांच्या आत राहतो, त्यामुळे ८ गुणांची घसरण केवळ योगायोगाची वाटत नाही. मात्र ती मुलांमुळे आली की प्रश्नपत्रिकेमुळे, हे अजून ठरायचंय. दोन्ही वर्षांचे पेपर समोर ठेवून शाब्दिक उदाहरणं किती होती ते मोजा. यंदा चार उदाहरणं जास्त असतील तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल. यापुढे दरवर्षी गेल्या वर्षीचे आठ-दहा प्रश्न जसेच्या तसे नव्या पेपरात ठेवा, आणि ते फोडू नका. दोन वर्षांची खरी तुलना तेवढ्याच प्रश्नांवर होते.

छोट्या शाळांच्या आकड्यांनी भल्याभल्यांना फसवलंय. अमेरिकेत चांगल्या निकालांच्या यादीत वर छोट्या शाळा जास्त दिसतात, म्हणून २००० च्या दशकात गेट्स फाउंडेशनने छोट्या शाळा काढण्यावर प्रचंड पैसा खर्च केला. पुढे हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत पेनसिल्व्हेनियातल्या शाळांचे आकडे तपासले. यादीच्या तळाशीही छोट्या शाळाच जास्त निघाल्या. मुलं कमी असली की सरासरी दोन्ही टोकांना सहज जाते, एवढंच त्यामागचं कारण.

मला हे आकड्यांतून कळायच्या आधी अनुभवाने कळलं. एका वर्षी माझ्या १६ मुलांच्या वर्गाची सरासरी ११ गुणांनी वाढली. बैठकीत माझं कौतुक झालं, शाल आणि नारळ दिला. पुढच्या वर्षी मी तसंच शिकवलं, तितकीच मेहनत घेतली आणि सरासरी पुन्हा खाली आली. त्याच बैठकीत शेजारच्या शाळेतल्या बाईंना सगळ्यांसमोर जाब विचारला गेला. त्यांचा वर्ग १२ मुलांचा होता. त्यांनी त्यानंतर कच्च्या मुलांचे पेपर कोणालाही दाखवले नाहीत. त्या मुलांचं जे नुकसान झालं ते मी विसरलेले नाही. म्हणून शाळांचा क्रम लावून लोकांसमोर ठेवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. क्रम लागला की शिक्षक चुका झाकायला लागतात, आणि आपल्याला तर नेमक्या त्या चुकाच बघायच्या आहेत.

प्रश्नात राष्ट्रीय सर्वेक्षणाचाही उल्लेख होता. १२ नोव्हेंबर २०२१ ला झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात (मुलं किती शिकली हे तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या चाचणीत) देशाची गणिताची सरासरी ५०० पैकी तिसरीत ३०६, पाचवीत २८४, आठवीत २५५ आणि दहावीत २१६ होती. त्याच मालिकेतल्या पुढच्या, ४ डिसेंबर २०२४ च्या परख सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववी हे वर्ग घेतले. अशी सर्वेक्षणं निवडक शाळांतल्या निवडक मुलांवर होतात, त्यांवरून तुमच्या सात शाळांना मोजता येत नाही. प्रत्येक इयत्तेचा पेपर वेगळा असतो, म्हणून ३०६ मधून २८४ वजा करण्यातही फारसा अर्थ नाही. तरी वरच्या वर्गांत गणित जड होत जातं आणि मागचं राहिलेलं साचत जातं, हे कोणताही शिक्षक वर्गात रोज पाहतो. तुमची सहावी त्याच वाटेवर उभी आहे.

आता मूळ कामाकडे येते. तुमच्याकडे १४० पेपर आहेत. मोठ्या शहराला हजारो पेपर वाचता येत नाहीत, तुम्हाला १४० वाचता येतात. लहान असण्याचा हाच तुमचा फायदा आहे. सात शाळांचे गणिताचे शिक्षक एका शनिवारी एकत्र बसवा. एका मोठ्या कागदावर आडवे प्रश्न आणि उभी मुलं मांडा. बरोबर असेल तिथे खूण करा. चूक असेल तिथे मुलाने लिहिलेलं चुकीचं उत्तर तसंच्या तसं उतरवा. गुण लिहू नका. कोरं सोडलं असेल तर चौकट कोरीच ठेवा. दुपारपर्यंत त्या कागदावरून नजर फिरवताना एकच चुकीचं उत्तर पुन्हा पुन्हा दिसायला लागेल.

उदाहरण देते. ४०२ मधून १७८ वजा करा. उत्तर २२४. सहावीच्या पेपरांत मला हमखास ३७६ हे उत्तर सापडतं. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलेला असतो, ८ मधून २, ७ मधून ०, ४ मधून १. त्याने निष्काळजीपणा केलेला नाही. वजाबाकी म्हणजे मोठ्यातून लहान काढणं, हा नियम त्याच्या डोक्यात पक्का बसलाय आणि शून्याच्या घरातून दशक सुटा कसा करायचा हे त्याला कोणी दाखवलेलं नाही, किंवा दाखवलं तेव्हा तो शाळेत नव्हता. तसंच ८१६ भागिले ४ याचं उत्तर २०४ ऐवजी २४ येतं. तीन हजार चार सांगितलं तर ३०००४ लिहिलं जातं. या तिन्ही चुकांचं मूळ एकच, शून्य जागा धरून बसतो हे समजलेलं नाही. तो धडा तिसरी-चौथीचा आहे. सहावीच्या शिक्षकाने सहावीचा पाठ कितीही जीव ओतून शिकवला तरी ही चूक तिथे सुधारत नाही.

अपूर्णांकांची गोष्ट अशीच. ०.३५ मोठा की ०.८, असं विचारा. ३५ हे ८ पेक्षा मोठे म्हणून ०.३५ मोठा, असं सांगणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. दोन रुपये पाच पैसे २.५ असे लिहिणारीही असतात. हा प्रकार फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना बारा तेरांश अधिक सात अष्टमांश याचं अंदाजे उत्तर १, २, १९ की २१, असं विचारलं होतं. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक एक आहेत, म्हणून उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांना आलं. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी अंशांची किंवा छेदांची बेरीज करून १९ किंवा २१ निवडलं.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे, आणि मला वाटतं तुमच्या ८ गुणांचा मोठा वाटा तिथेच सापडेल. चौथीपर्यंत मूल मराठीतून शिकतं, पाचवीत पाऊल ठेवलं की पुस्तक, फळा आणि पेपर सगळं इंग्रजीत. १९९० पासून गोव्यात प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान मराठी किंवा कोंकणी माध्यम असेल तरच मिळत होतं, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही देण्याचा निर्णय झाला. तरी सत्तरी, डिचोली, पेडणे इथल्या गावांतल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठीच आहेत. मातृभाषेतून सुरुवात होते ते मला पटतं आणि मी त्याच्या बाजूने नेहमी बोलत आले. पण पाचवीतला हा पूल कोणी बांधून देत नाही, मुलांना उडी मारायला लावतात.

एका मुलीची हकिकत सांगते. शेतकऱ्याकडे ३६० नारळ होते, त्याने १४५ विकले, 'हाउ मेनी कोकोनट्स आर लेफ्ट?' तिने प्रश्न कोरा सोडला होता. मी जवळ बसवून वाचायला लावलं, तिने न अडखळता वाचलं. काय विचारलंय असं विचारलं तर म्हणाली, "डाव्या बाजूला किती नारळ आहेत ते. पण चित्रच दिलेलं नाही." मी तोच प्रश्न मराठीत सांगितला. कागद न घेता ती म्हणाली, २१५. तिची आई बाजारात नारळ शेकड्याने विकते, हिशेब तिला घरातच येतो. गुणपत्रकावर मात्र ती गणितात कच्ची होती. दुसऱ्या एका मुलाला 'हाउ मेनी मोअर' दिसलं की तो बेरीज करायचा, कारण मोअर म्हणजे जास्त. एकाकडे ४८ गोट्या, दुसऱ्याकडे ७५, किती जास्त? त्याचं उत्तर १२३. 'प्रॉडक्ट' (गुणाकार) म्हणजे दुकानातला साबण, 'डिफरन्स' (वजाबाकी) म्हणजे कोणता फरक ते कळत नाही, 'टेबल' (पाढा) म्हणजे बाक. मुलं हुशार असतात, शब्द त्यांना दगा देतात.

संख्या उच्चारण्यातही हीच गाठ पडते. मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो, इंग्रजीत फिफ्टी थ्री म्हणताना पन्नास आधी. पाचवीतली मुलं ५३ ऐकून ३५ लिहितात ती यामुळेच. एकोणतीस, एकोणपन्नास यांत तर पुढच्या दशकाचं नाव येतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीची बाजू मांडली होती. जुन्या शब्दांचा मला लळा आहे आणि ते जावेत असं वाटत नाही, पण त्यांचा म्हणण्यातला क्रम आणि लिहिण्यातला क्रम उलटा आहे, ही अडचण खरी आहे. पाचवीच्या पहिल्या महिन्यात रोज दहा संख्या दोन्ही भाषांत बोलायच्या आणि लिहायच्या, एवढं केलं तरी हा घोळ बराच कमी होतो.

चूक नेमकी कुठे झाली ते शोधायला मी अ‍ॅन न्यूमन या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासिकेची पद्धत वापरते. त्यांनी ती १९७७ मध्ये मांडली. चुकलेल्या उदाहरणावर मुलाला पाच गोष्टी विचारायच्या. हे वाचून दाखव. काय काढायला सांगितलंय? ते कसं काढशील? आता करून दाखव. उत्तर नीट लिही. ज्या पायरीवर मूल थांबलं तिथे काम करायचं. मुलाने बोलावं तुमच्याशी मराठीत किंवा कोंकणीत, टोकायचं नाही. 'टीचर, म्हाका गणित कळना' असं म्हणणाऱ्या मुलाबरोबर पाच मिनिटं बसलात तरी त्याला काय कळत नाही ते बहुतेक वेळा कळतं. सगळ्या १४० मुलांना विचारायची गरज नाही. प्रत्येक शाळेतली पाच-सहा घ्या, ज्यांचे गुण मधले आहेत अशी.

इथपर्यंतचं थोडक्यात: तक्त्यातले शून्य तपासा, दोन पेपरांची तुलना करा, चुकीची उत्तरं मांडा, मग निवडक मुलांशी बोला. हे सगळं दोन आठवड्यांत होतं. त्यानंतरच उपाय.

उपाय काय, ते सापडलेल्या चुकांवर अवलंबून आहे. मुलं दुसऱ्या पायरीवर, म्हणजे प्रश्न समजण्यावर अडत असतील तर जादा गणित शिकवून उपयोग नाही. गणितात येणाऱ्या साठेक इंग्रजी शब्दांचा तक्ता वर्गात लावा, प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ आणि एक छोटं उदाहरण. शिक्षकाने प्रश्न आधी मराठीत बोलून मग इंग्रजीत वाचून घ्यावा. काही मुख्याध्यापकांना वाटतं की यामुळे इंग्रजी बिघडेल. माझा अनुभव उलट आहे, अर्थ कळला की इंग्रजी शब्द टिकतो. शेजारच्या राज्यांतून कामाला आलेल्या कुटुंबांतली मुलं वर्गात असतील तर हा तक्ता त्यांनाही लागेल, फक्त अर्थ चित्राने दाखवावा लागेल.

मुलं चौथ्या पायरीवर, म्हणजे आकडेमोडीत अडत असतील तर त्यांना त्यांच्या पातळीवरून उचलावं लागतं. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने हेच केलं, मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता आज काय येतं त्याप्रमाणे गटांत बसवून रोज ठरावीक वेळ शिकवलं. त्या कामाचा अभ्यास अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने अनेक वर्षं केला, दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या १३ मुलांच्या वर्गात तीन गट पुरतील. काड्यांचे गठ्ठे घ्या, नाहीतर काजूच्या बिया पिशव्यांत दहा-दहा भरा, आणि अशा दहा पिशव्या एका मोठ्या पिशवीत घालून शंभराची पिशवी करा. ४०२ म्हणजे शंभराच्या चार पिशव्या आणि दोन सुट्या बिया. त्यातून १७८ काढायला मुलाला पिशवी फोडावीच लागते. एकदा हाताने फोडली की कागदावरचा शून्य त्याला घाबरवत नाही.

यासाठी वेळ कुठून आणायचा, हा खरा अडथळा आहे. जादा तास शाळा सुटल्यावर लावले तर ज्यांना सर्वांत गरज आहे तीच मुलं येत नाहीत. दीड वाजता शाळा सुटते, कदंबची (सरकारी) बस चुकली तर पुढची कधी ते सांगता येत नाही, आणि घरी धाकटं भावंड असतं. म्हणून मी नेहमी सुचवते की गणिताच्या तासाची पहिली वीस मिनिटं आठवड्यातून चार दिवस गटांसाठी राखून ठेवा. अभ्यासक्रम थोडा मागे पडेल, ते मुख्याध्यापकांनी आधीच मान्य करावं लागेल. ती मान्यता मिळवणं हे पालक संघाचं काम. शिक्षक एकटा ती मागू शकत नाही.

शिक्षक बदलण्याबद्दल. कधी कधी ते आवश्यक असतं, मी नाकारत नाही. पण आधी विचारा की या वर्षी गणिताचे किती तास प्रत्यक्षात झाले? त्या शिक्षकाला किती दिवस इतर ड्युटी होती? प्राथमिकला एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळत होता का? वर्ष कधी सुरू झालं हेही बघा. २०२५ मध्ये सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं, त्यामुळे त्याच्या आधीच्या वर्षाशी तुलना करताना परीक्षेपर्यंत किती शिकवून झालं होतं हे वेगळं मोजावं लागेल.

आणि बैठकीत काय मांडायचं हे तुम्ही विचारलंय म्हणून सांगते. शाळांची नावं काढून टाका. फक्त तीन प्रश्न घ्या आणि प्रत्येकापुढे मुलांनी लिहिलेली चुकीची उत्तरं मांडा, किती जणांनी ३७६ लिहिलं, किती जणांनी १२३. मग पालकांना विचारा की मुलाने हे उत्तर का लिहिलं असेल. मी हे डिचोलीच्या एका गावात केलं तेव्हा मागे बसलेल्या एका आईने हात वर केला आणि शून्याची चूक बरोबर ओळखली. तिचं शिक्षण चौथीपर्यंतच झालं होतं. त्या दिवसापासून ती रोज रात्री मुलाबरोबर काजूच्या बिया घेऊन बसू लागली.

तुमचा तक्ता तयार झाला की चुकीच्या उत्तरांचा कागद इथे टाका, मुलांची आणि शाळांची नावं काढून. मी एक एक उत्तर बघून सांगेन.